पडद्यावरचे विमान आणि घट्ट आवळलेली मूठ

संगणकावर विमान चालवू पाहणारा माणूस पहिल्याच दिवशी यादीतले सर्वांत मोठे विमान निवडतो. मीही तेच केले होते. एकीकडे चार आसनांचे, डोक्यावर पंख असलेले छोटे सेस्ना होते आणि दुसरीकडे चार इंजिनांचे जम्बो होते. दोन्ही एका क्लिकवर मिळत असताना सेस्ना कोण घेणार? थ्रॉटल, म्हणजे इंजिनची शक्ती कमी-जास्त करणारा दांडा, पुढे ढकलला, धावपट्टी संपत आली तेव्हा जॉयस्टिक मागे ओढली, विमान वर गेले आणि आपल्याला उडता येते असा माझा समज झाला. पुढची वीस मिनिटे त्या समजात आनंदाने गेली. उतरण्याची वेळ आली तेव्हा लक्षात आले की वर जाण्यात माझा वाटा फारच थोडा होता, कारण पुरेशी शक्ती आणि पुरेशी धावपट्टी मिळाली की बहुतेक विमाने जमीन सोडायला स्वतःच उत्सुक असतात.

जम्बो हे नवशिक्यासाठी वाईट विमान आहे, पण त्याच्या कॉकपिटमधल्या असंख्य बटणांमुळे नव्हे. बटणे पाठ करता येतात. खरी अडचण जडत्वाची आहे. अडीचशे टनांच्या घरातले हे धूड सुमारे १४५ नॉट (ताशी सागरी मैल) वेगाने धावपट्टीकडे येत असते, आणि थ्रॉटल पुढे केला तरी इंजिनांना पुरता जोर धरायला काही सेकंद लागतात. त्यामुळे आज केलेली चूक जणू उद्या दिसते. चूक आणि तिचा परिणाम यांच्यामध्ये असे अंतर पडले की शिकणाऱ्याला दोन्हींचा संबंधच लागत नाही. तो शेवटच्या क्षणी केलेल्या हालचालीला दोष देतो आणि पुढच्या वेळी नेमकी तीच मूळ चूक पुन्हा करतो. सेस्ना १७२ हे विमान अशा माणसाला सुधारण्याची संधी देते. १९५६ पासून बनत आलेल्या आणि आजवर ४४,००० हून अधिक संख्येने तयार झालेल्या या विमानात जगभरच्या असंख्य वैमानिकांनी पहिले धडे घेतले आहेत. ते शेवटच्या टप्प्यात ६५ नॉटच्या आसपास उडते, थ्रॉटल दिला की प्रॉपेलर लगेच ओढ घेतो, आणि हात सोडला तर ते बहुधा आपले आपण सावरते. हात सोडणे हा या लेखाचा खरा विषय आहे, पण त्याकडे थोड्या वेळाने येतो.

कोणता सिम्युलेटर घ्यावा यावर हौशी लोक तासन्‌तास वाद घालतात. मला त्या वादात फारसे तथ्य वाटत नाही. एक्स-प्लेन पंखाचे लहान लहान तुकडे कल्पून प्रत्येकावरचे बल वेगळे मोजतो, मायक्रोसॉफ्टच्या फ्लाइट सिम्युलेटरमध्ये पृथ्वीचा देखावा डोळे दिपवतो, फ्लाइटगिअर तर मुक्त स्रोत असल्याने कोणालाही विनामूल्य मिळतो. पहिल्या पन्नास तासांत जे शिकायचे असते ते यांतल्या कोणत्याही एकावर शिकता येते. किंबहुना ते याहून कितीतरी दरिद्री चित्रांवरही लोकांनी शिकले आहे. ब्रूस आर्टविक यांनी १९७५ साली इलिनॉय विद्यापीठातल्या आपल्या प्रबंधात उड्डाणाचे दृश्य संगणकावर कसे दाखवता येईल हे मांडले. १९८०च्या सुमारास त्यांच्या सबलॉजिक या कंपनीने अ‍ॅपल टू संगणकासाठी सिम्युलेटर आणला आणि १९८२ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या नावाने तो आयबीएमच्या पीसीवर आला. रेघांची जमीन, रेघांचे डोंगर आणि खाली वेग-उंची दाखवणारी ओबडधोबड घड्याळे, एवढ्या सामग्रीवर एक पिढी उडायला शिकली. तिचे उड्डाण सुरू होई ते शिकागोच्या सरोवरकाठच्या मेग्ज फील्ड या लहानशा विमानतळावरून. मार्च २००३ मध्ये शहराच्या महापौरांच्या आदेशावरून रातोरात त्या धावपट्टीवर बुलडोझर चालवून तिच्यावर फुल्या कोरण्यात आल्या आणि विमानतळ कायमचा बंद झाला. प्रत्यक्षात त्या शहरात पाऊलही न ठेवलेल्या अनेकांना तेव्हा आपल्या घराचे अंगण गेल्यासारखे वाटले. जुन्या आवृत्त्यांमध्ये ती धावपट्टी अजूनही शाबूत आहे.

आता हाताकडे वळतो. कीबोर्डवर विमान उडवता येते, पण शिकता येत नाही, कारण कळीला ‘थोडेसे’ हा शब्द ठाऊक नसतो. म्हणून जॉयस्टिक येते, आणि ती आली की नवशिका तिला बुडत्याने काठी धरावी तशी घट्ट धरतो. विमान डावीकडे कलले की तो उजवीकडे जोर लावतो. विमानाला प्रतिसाद द्यायला क्षणभर लागतो, तेवढा वेळ त्याला धीर निघत नाही म्हणून तो आणखी जोर लावतो. मग विमान उजवीकडे जास्तच कलते आणि तोच खेळ उलट दिशेने सुरू होतो. नाक वर-खाली होण्याच्या बाबतीत तर हा झोका अधिकच जाचक ठरतो. यावर उपाय म्हणून अनेकजण जॉयस्टिकची संवेदनशीलता कमी करतात किंवा मध्यभागी मोठा निष्क्रिय पट्टा ठेवतात. पहिला उपाय थोडा चालतो. दुसरा घातक आहे, कारण त्या पट्ट्यात हात हलला तरी विमान हलत नाही आणि पट्टा ओलांडताच ते एकदम दचकते. मला उपयोगी पडली ती अगदी साधी युक्ती: मूठ सोडून अंगठा आणि दोन बोटे यांनीच जॉयस्टिक धरायची आणि कोपर टेबलावर टेकवायचे. तीन बोटांत फाजील जोर लावण्याची ताकदच नसते.

तरीही हात थकतो, आणि तो थकतो याचा अर्थ ट्रिम, म्हणजे नाक एका जागी धरून ठेवण्याचा हातावरचा भार उतरवणारी सोय, समजलेला नसतो. मला स्वतःला ट्रिम समजायला लाज वाटावी इतके दिवस लागले, म्हणून त्यावर सविस्तर लिहितो. खऱ्या लहान विमानात शेपटीवरच्या आडव्या फळीवर हवेचा दाब येतो आणि तो तारांमधून वैमानिकाच्या हातापर्यंत पोहोचतो. वैमानिक नाक हवे त्या जागी आणतो, तिथे धरून ठेवतो आणि मग हातावरचा दाब नाहीसा होईपर्यंत ट्रिमचे चाक फिरवतो. हात जिथे होता तिथेच राहतो, फक्त त्याच्यावरचे ओझे उतरते. घरच्या जॉयस्टिकला हवेची काहीच खबर नसते. तिच्या आत एक स्प्रिंग असते आणि ती जॉयस्टिकला नेहमी एकाच मध्यबिंदूकडे खेचते. म्हणून सिम्युलेटरमध्ये ट्रिम करताना एका हाताने ट्रिम फिरवत असतानाच दुसऱ्या हाताने जॉयस्टिक त्याच गतीने मध्याकडे परत जाऊ द्यावी लागते. खऱ्या विमानापेक्षा हे काम अधिक अवघड आहे, आणि पुस्तकी वर्णने वाचून शिकणाऱ्याला हा फरक कोणी सांगत नाही. तो बिचारा पुस्तकात लिहिल्याप्रमाणे जॉयस्टिक धरून ट्रिम फिरवतो, नाक उसळते, आणि आपल्यालाच जमत नाही अशी त्याची खात्री होते.

दुसरा गैरसमज याहून खोल आहे. ट्रिम उंची राखण्यासाठी असतो असे वाटते. प्रत्यक्षात तो वेग राखतो. सेस्ना ९० नॉटला ट्रिम करून हात पूर्णपणे काढून घ्या आणि मग इंजिनची शक्ती थोडी कमी करा. नाक आपसूक खाली जाते, विमान काही काळ लाटेवरच्या होडीसारखे वर-खाली डोलते, डोलणे हळूहळू शमते, आणि शेवटी ते पुन्हा ९० नॉटच्या आसपासच स्थिरावते; फक्त आता ते खाली उतरत असते. शक्ती वाढवा, नाक वर येते आणि जवळपास त्याच वेगाने विमान चढू लागते. जॉयस्टिकला स्पर्शही न करता केलेला हा प्रयोग मी ज्या संध्याकाळी प्रथम केला, त्या संध्याकाळी मी दोन तास दुसरे काहीच केले नाही. विमान माझ्या हाताने तरंगत नव्हते हे मला तेव्हा समजले. तोवर मी त्याच्या कामात सतत व्यत्यय आणत होतो.

हे कळण्याआधी मी काय करत होतो, तर बाकीचे सगळे करतात तेच: उतरण्याचा सराव. प्रत्येक सिम्युलेटरमध्ये विमान थेट धावपट्टीसमोर काही मैलांवर, शेवटच्या टप्प्यात आणून ठेवण्याची सोय असते, आणि नवशिक्याला ती फार सोयीची वाटते. वेळ वाया जात नाही, आपटले की पुन्हा तिथूनच सुरुवात. मी अशा रीतीने शंभराहून अधिक वेळा विमान उतरवले असेन, आणि शंभरावे लँडिंग दहाव्यापेक्षा फारसे बरे नव्हते. कधी धावपट्टीच्या अलीकडे, कधी अर्धी धावपट्टी ओलांडून, कधी बेडकासारखे तीन उड्या मारून. जमिनीजवळच्या दहा सेकंदांत आपले काय चुकते हे शोधण्यासाठी मी चित्रण पुन्हा पुन्हा पाहत असे आणि त्या दहा सेकंदांत काहीही सापडत नसे.

शेवटी कंटाळून एकदा पूर्ण सर्किट केले. धावपट्टीभोवती साधारण १,००० फुटांवरून घातलेल्या आयताकृती फेऱ्याला वैमानिक सर्किट म्हणतात. उड्डाण, डावीकडे वळण, मग धावपट्टीला समांतर पण उलट दिशेने जाणारी लांब बाजू, म्हणजे डाउनविंड, मग धावपट्टीकडे वळणारी आडवी बाजू, म्हणजे बेस, आणि अखेरीस धावपट्टीच्या रेषेतला शेवटचा टप्पा, म्हणजे फायनल. चित्रण या वेळी सुरुवातीपासून पाहिले आणि दोष ताबडतोब सापडला. डाउनविंडवर माझी उंची १,००० ऐवजी १,२०० फूट होती आणि वेगही जास्त होता. तो जास्तीचा वेग आणि ती जास्तीची उंची मी बेसवर घेऊन गेलो, तिथून फायनलवर घेऊन आलो, आणि धावपट्टीच्या तोंडाशी येईपर्यंत त्यांची विल्हेवाट लावण्याच्या धडपडीत विमान एकदाही स्थिर झाले नव्हते. लँडिंग बिघडले होते ते जमिनीला चाके लागण्याच्या दोन-तीन मिनिटे आधी. थेट फायनलवर आणून ठेवणाऱ्या त्या सोयीमुळे लँडिंग जिथे घडते तो भागच मी वगळत आलो होतो.

त्यानंतर मी ती सोय वापरली नाही. डाउनविंडवर धावपट्टीचे टोक बरोबर बाजूला आले की इंजिन मिनिटाला १,५०० फेऱ्यांच्या आसपास आणायचे, फ्लॅपचा, म्हणजे पंखांच्या मागच्या कडेला खाली झुकणाऱ्या फळ्यांचा, पहिला टप्पा उतरवायचा, वेगाला ट्रिम करायचे आणि थांबायचे. बेसवर दुसरा टप्पा, फायनलवर तिसरा, वेग ६५ नॉट. हे आकडे विमानागणिक बदलतात, पण ते ठरलेले असावेत ही गोष्ट बदलत नाही. तीन अंशांच्या उतारावरून यायचे असेल तर जमिनीवरच्या वेगाच्या पाचपट आकडा घ्यावा, तेवढे फूट दर मिनिटाला उतरावे, असा एक ढोबळ हिशेब आहे; ६५ नॉटला तो ३२५ येतो आणि त्या जम्बोच्या १४५ नॉटला ७२५. पहिल्या दिवशी जम्बोत मी दर मिनिटाला २,००० फुटांनी उतरत होतो, हे मागाहून आठवले तेव्हा हसू आले.

फायनलवर एक गोष्ट मनाविरुद्ध करावी लागते. आपण धावपट्टीच्या अलीकडेच पडणार असे दिसले की हात आपोआप नाक वर ओढतो, कारण जिकडे जायचे तिकडे तोंड करावे हे माणसाला जन्मतः कळते. नाक वर गेल्याने वेग घटतो, वेग घटल्याने विमान अधिकच खाली बसते, म्हणून हात आणखी ओढतो. या वाटेचा शेवट ठरलेला आहे. तिथे शक्ती द्यायची असते. मंद वेगाच्या या उड्डाणात नाकाने वेग सांभाळायचा आणि थ्रॉटलने उंची, ही वाक्ये मी कागदावर लिहून पडद्याच्या कडेला चिकटवली होती. आपण नेमके कुठे पोहोचणार हे ओळखण्याची खूणही तेव्हाच सापडली: समोरच्या काचेत जमिनीवरचा जो बिंदू वरही सरकत नाही आणि खालीही सरकत नाही, विमान त्याच बिंदूकडे चालले असते.

हा सराव रटाळ वाटतो तेव्हा स्टॉलचा सराव करावा, त्यात थरार पुष्कळ आहे. पंख आणि समोरून येणारी हवा यांच्यामधला कोन साधारण पंधरा-सोळा अंशांपलीकडे गेला की पंखावरून वाहणारी हवा त्याला चिकटून राहत नाही आणि पंखाची उचल ढासळते. इंजिन बंद पडण्याशी याचा काही संबंध नाही, जरी ऐकणाऱ्याला तसे वाटते. चार हजार फुटांवर जायचे, थ्रॉटल मागे घ्यायचा, उंची टिकवण्यासाठी हळूहळू नाक उचलत राहायचे. इशाऱ्याचा भोंगा वाजतो, जॉयस्टिक निर्जीव वाटू लागते आणि नाक गळून पडते. या क्षणी ओढण्याचा मोह आवरून जॉयस्टिक पुढे सोडायची, शक्ती द्यायची. पंधरा-वीस वेळा केल्यावर भीती जाते. सिम्युलेटरवर हे निर्धास्तपणे करता येते, आणि एखादी गोष्ट मुद्दाम बिघडवून पाहण्याची ही मुभा मला या छंदातली सर्वांत मोलाची गोष्ट वाटते.

पायाने शेपटीचे सुकाणू फिरवणाऱ्या पेडलांबद्दल थोडक्यात लिहितो. बहुतेक सिम्युलेटर सुकाणू आपोआप सांभाळण्याचा पर्याय देतात आणि नवशिका तो चालू ठेवतो. तो बंद केल्यावरच कळते की प्रॉपेलरमुळे सेस्ना धावताना आणि चढताना सतत डावीकडे ओढ खाते आणि उजव्या पायाला काम असते. पेडल नसतील तर पिळता येणारी जॉयस्टिक चालते.

एका सवयीची मात्र मोठी किंमत मोजावी लागते. पडदा लहान असतो, बाजूचे दिसत नाही, खुर्चीखालून कसलीच जाणीव होत नाही, म्हणून हौशी माणूस घड्याळांत अडकतो. उंचीचा काटा दहा फूट सरकला की त्याचा हात हलतो. याची दुसरी बाजूही आहे. १९२९ साली एडविन लिंक यांनी वडिलांच्या पियानो आणि ऑर्गनच्या कारखान्यातले भाते वापरून पहिला विमान-सराव यंत्रडबा बनवला, तो बरीच वर्षे जत्रेतल्या करमणुकीच्या जागी चालला. १९३४ साली अमेरिकी सैन्याच्या वैमानिकांवर टपाल वाहून नेण्याचे काम आले, वाईट हवेत एकामागून एक अपघात झाले, आणि मग सैन्याने त्यांतले सहा डबे विकत घेतले ते नेमके घड्याळांवर विसंबून उडायला शिकवण्यासाठी. ढगात शरीराची जाणीव फसवते आणि काटे खरे बोलतात. म्हणजे सिम्युलेटरचा जन्मच घड्याळांकडे पाहायला लावण्यासाठी झाला असे म्हणता येईल. पण निरभ्र दिवशी सर्किट करणाऱ्याने आधी बाहेर पाहायला शिकावे.

हे मला घरी उमगले नाही. एकदा खऱ्या सेस्नामध्ये प्रशिक्षकाशेजारी तासभर बसण्याची संधी मिळाली. टॅक्सी करताना, म्हणजे विमान जमिनीवरून चालवत नेताना, माझे पाय गोंधळले, विमान हवेत जाताच कोणी खालून गुद्दे मारावेत तसे हेलकावे बसू लागले, आणि मी नजर घड्याळांवर गाडून काटे जागेवर ठेवण्याची शिकस्त करू लागलो. प्रशिक्षकांनी काही न बोलता खिशातून दोन गोल रबरी झाकणे काढली आणि वेगाच्या व उंचीच्या घड्याळांवर लावली. “आता बाहेर पाहा. क्षितिज काचेत कुठे आहे ते लक्षात ठेवा आणि ते तिथेच राहू द्या.” मी क्षितिज काचेच्या तळापासून चार बोटांवर ठेवले. पाच मिनिटांनी त्यांनी झाकणे काढली तेव्हा उंची पन्नास फुटांनी बदलली होती. मी घड्याळांवर डोळे लावून बसलो असताना ती दोनशे फुटांनी वर-खाली होत होती. ट्रिम मात्र मला पहिल्याच प्रयत्नात जमला. हातावरचा दाब हळूहळू विरघळताना जाणवला, आणि इतके दिवस स्प्रिंगशी झटापट करून जे शिकलो ते इथे किती सोपे आहे हे पाहून थोडा रागही आला.

घरी परतल्यावर पडद्यावरच्या त्या दोन घड्याळांवर कागदाचे तुकडे चिकटवले. डोके वळवले की दृश्य वळवणारे उपकरण तेव्हा माझ्याकडे नव्हते, म्हणून जॉयस्टिकच्या टोकावरच्या लहान कळीने डावीकडे पाहण्याची सवय केली. वारा शून्य ठेवला. शक्ती किती, फ्लॅप किती, क्षितिज काचेत कुठे, एवढ्यावर सर्किट. पहिल्या तीन फेऱ्या बिघडल्या. चौथ्या फेरीत बेसवर वळताना हात जॉयस्टिकवर नुसता टेकलेला होता आणि फायनलवर धावपट्टीचा आकार काचेत जिथे असायला हवा तिथेच होता. धावपट्टीच्या तोंडाशी थ्रॉटल पूर्ण मागे घेतला, नजर दूरच्या टोकाकडे नेली, नाक जमिनीला समांतर आणले आणि ते खाली पडू द्यायचे नाही एवढेच करत राहिलो. जमिनीलगत, पंखांच्या लांबीपेक्षा कमी उंचीवर, विमान हवेच्या गादीवर असल्यासारखे किंचित तरंगते. तिथे पूर्वी मी हमखास घाई करत असे. भोंगा किणकिणू लागला, मागची चाके टेकली, आणि नाकाचे चाक बऱ्याच वेळाने आपणहून खाली आले.

कागद काढून पाहिले तर वेगाचा काटा उतरत चाळिसाच्या खाली गेला होता. मी धावपट्टीवरून विमान बाजूला घेतले, पुन्हा सुरुवातीच्या टोकाशी नेऊन उभे केले, आणि हवामानाच्या पानावर जाऊन उजवीकडून आठ नॉट वारा लावला. पुढच्या फेरीत धावपट्टी माझ्यासमोरून शांतपणे उजवीकडे सरकत निघून गेली.